मुक्ताची मुरमं

ती. ताईस,


मुक्ताच्या चेहऱ्याला तू लिंबू-हळदीचा लेप लावतेस आणि वर विचारतेस, "घरचंच आहे, अपाय तो काय होणार?" मला वाटतं, लेपाबद्दल बोलण्याआधी मुरमांचा स्वभाव पाहावा. वयात येताना संप्रेरकांमुळे तेलग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. ते तेल आणि मृत पेशी मिळून केसाच्या मुळाशी असलेलं छिद्र बुजतं, तिथे एरवीही वस्तीला असलेले जिवाणू फोफावतात आणि मग लाल, ठणकणारी पुटकुळी दिसते. छिद्र बुजायला सुरुवात मात्र कित्येक आठवडे आधीच झालेली असते. शिवाय बहुतेक पुटकुळ्या आपणहूनच बसतात. आपण लेप केव्हा लावतो? पुटकुळी ऐन भरात असते त्या दिवशी. त्यानंतर ती ओसरायचीच असते, पण श्रेय लेपाला मिळतं. कुणी जायफळ उगाळून लावतं, कुणी टूथपेस्ट, कुणी डाळीचं पीठ, आणि प्रत्येक घरातला उपाय हमखास ठरतो!

म्हणून "लावलं आणि गेलं" हा पुरावा धरता येत नाही. लावणाऱ्यांना न लावणाऱ्यांपेक्षा अधिक गुण आला का, हे पाहावं लागतं. अशी तुलना काही ठिकाणी झालेली आहे. न्यूझीलंडमध्ये 136 जणांवर मधाची चाचणी झाली, ती 2016 साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांनी जंतुनाशक साबणाच्या जोडीला मध लावला, निम्म्यांनी नुसता साबण वापरला. मधाचा म्हणावा असा जास्तीचा फायदा दिसला नाही. उलट ऑस्ट्रेलियात 1990 साली 124 रुग्णांवर टी ट्री तेलाची तुलना बेंझॉइल पेरॉक्साइड या मुरमांवरच्या औषधाशी केली, तेव्हा मुरमं दोन्हींनी कमी झाली. तेलाचा गुण सावकाश आला, पण त्रासही कमी झाला. तेव्हा वनस्पतीत काहीच नसतं असं मी म्हणत नाही. फक्त ते तेल मोजून 5 टक्के होतं. बाटलीतलं नुसतं तेल गालावर चोळलं तर कातडी भाजल्यासारखी होते. आहाराचंही असंच आहे. ऑस्ट्रेलियातच 2007 साली 43 तरुणांवर 12 आठवडे प्रयोग झाला. साखर-मैद्यासारखे रक्तातली साखर झपाट्याने चढवणारे पदार्थ ज्यांनी कमी केले, त्यांची मुरमं अधिक घटली. माणसं थोडी होती हे खरं, पण बिस्किटं आणि कोल्ड्रिंक कमी करण्यात तोटा काहीच नाही.

आता तुझ्या लिंबाकडे येते. त्वचेचा सामू साधारण 5 असतो, लिंबाच्या रसाचा 2 ते 2.5. सामूचा एक अंक म्हणजे दहा पट, म्हणजे हा रस त्वचेपेक्षा शेकडो पटींनी आम्ल. शिवाय लिंबू लावून उन्हात गेलं तर त्यातल्या द्रव्यांमुळे चट्टे उठू शकतात. आपल्या सावळ्या कातडीला हा मुद्दा सर्वांत जास्त लागू आहे. पुटकुळी आठवड्यात जाते, तिचा काळा डाग महिनोन्‌महिने राहतो, आणि कातडी जितकी चुरचुरेल तितका तो गडद होतो. खाण्याच्या सोड्याची गत उलटी, तो अल्कधर्मी. पण त्वचेला तोही मानवत नाही. खोबरेल तेलातलं लॉरिक आम्ल प्रयोगशाळेत मुरमांच्या जिवाणूंना मारतं, पण तेच तेल चेहऱ्यावर थापलं तर छिद्रं बुजायला मदतच होते.

तू म्हणशील, आपले पूर्वज काय वेडे होते? मुळीच नव्हते. सुश्रुतसंहितेत मुरमांना मुखदूषिका म्हटलंय आणि सावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. पण तिथे उपचार सांगितला आहे तो वमनाचा आणि लोध्र, वेखंड, धणे यांच्या लेपाचा. ते वैद्याचं काम. फ्रीजमधलं अर्धं लिंबू त्यात कुठे बसत नाही. "पण क्रीम म्हणजे केमिकल," हा तुझा दुसरा आक्षेप. मुरमांच्या क्रीममधल्या सॅलिसिलिक आम्लाचं नावच मुळी विलो झाडाच्या लॅटिन नावावरून आलंय, त्यामुळे घरगुती आणि केमिकल यांच्यातली ही भिंत मला खरी वाटत नाही. तुझ्या भीतीत तथ्य आहे ते एकाच बाबतीत: दुकानदाराने सहज काढून दिलेली स्टेरॉइडची मलमं. त्यांनी चेहरा आधी उजळल्यासारखा वाटतो आणि पुढे मुरमं उसळतात. मार्च 2018 मध्ये सरकारने अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. ती टाळच.

तेव्हा लेप बंद कर. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉशने तोंड धुवू दे, पुटकुळ्या फोडू देऊ नकोस. थंडावा हवा असेल तर पिवळा चीक निथळून टाकलेला कोरफडीचा गर चालेल, आधी कानामागे लावून पाहा. औषध सुरू केलं तर 8 ते 12 आठवडे गुण शोधू नकोस, आरशासमोर रोज मोजणी तर नकोच. आणि गाठी खोल, दुखऱ्या असतील किंवा खड्डे पडायला लागले असतील, तर माझ्या पुढच्या पत्राची वाट पाहू नकोस. याच आठवड्यात तिला त्वचारोगतज्ज्ञाकडे ने.

तुझी धाकटी