मागच्या बाकावर बसून पाहा

आमच्या घरी 2006 सालची ओम्नी आहे. मरहूम अब्बांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली. पंधरा वर्षं पुरी झाली तेव्हा आम्ही तपासणी करून तिची नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. 2019 मध्ये ओम्नी बनायचीच बंद झाली, पण आमच्या अंगणात ती अजून उभी आहे. आम्ही दोघे नवरा-बायको शिक्षक. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराडला खालाजानकडे जायचं, तर हीच गाडी.

गेली दोन वर्षं मात्र अम्मी कराडला येत नव्हत्या. ईदला धाकट्या बहिणीसाठी कपडा नि सुक्या मेव्याची पिशवी आमच्या हाती द्यायच्या आणि म्हणायच्या, "तुम्ही जाऊन या. माझे गुडघे दुखतात." आम्ही ते खरं मानलं. खालाजानचं पायाचं हाड मोडल्यापासून त्यांचं बाहेर पडणं बंद झालेलं. एकदा त्यांनी फोनवर विचारलं, "आपा माझ्यावर रुसल्यात का?" आम्हाला उत्तर सुचलं नाही.

मग एकदा एका लग्नाला जाताना भाचा गाडी चालवायला बसला, पाहुणे त्याच्या शेजारी, आणि आम्ही दोघे प्रथमच मागच्या बाकावर. पहिल्याच गतिरोधकावर डोकं छताला टेकलं. दुसऱ्यावर कमरेत कळ आली. खड्डा एकच, पण गाडी त्यानंतर झोपाळ्यासारखी झुलत राहायची. इतकी वर्षं आम्ही रस्त्याला नावं ठेवत पुढे बसून होतो. मागे काय होतं, ते पुढच्यांना कळतच नव्हतं.

रविवारी गाडी गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रीचाचांनी काही न विचारता मागचा कोपरा जोर लावून दाबला नि सोडला. "एकदा वर येऊन थांबायला हवी," ते म्हणाले. आमची तीन-चारदा डोलली. खाली वाकून त्यांनी बोट फिरवलं, तर एका शॉकअपवर तेलाचा ओलसर थर नि त्यावर धूळ.

"वजन पेलतात ते पाटे," चाचा सांगू लागले. "शॉकअपचं काम पाट्यांचा झुला थांबवणं. आत तेल असतं. बारीक छिद्रांतून ते इकडून तिकडे जाताना अडतं, म्हणून उसळी शांत होते. सील गेलं, तेल गळलं की राहिली नुसती नळी. मग चाक रस्ता सोडून उडतं. घाटात ब्रेक मारलात नि चाक जमिनीला टेकलेलंच नसलं तर?"

वर्गात आम्ही इतकं सोपं क्वचितच शिकवलं असेल.

आम्ही म्हटलं, गळका तेवढा बदला. चाचांनी मान हलवली. दोन्ही बाजू सारख्याच चालल्या आहेत. एक नवा नि एक जुना ठेवला तर दोन्हीकडची उसळी सारखी शांत होणार नाही. मागचे दोन्ही एकदमच बदलायचे.

गाडी जॅकवर उचलून खाली स्टँड लावले. नुसत्या जॅकच्या भरवशावर ते गाडीखाली गेले नाहीत. कोकणातल्या पावसाने नट गंजलेले. तेल सोडून अर्धा तास चहा झाला, तेव्हा कुठे ते हलले. नवे शॉकअप बसले, पण रबरी बुशचे नट चाचांनी आधी सैलच ठेवले. गाडी चाकांवर उतरवल्यावर मग आवळले. अधांतरी आवळले तर बुश कायमचं पिळलेलं राहतं नि लवकर फाटतं.

पुढच्या शुक्रवारी आम्ही अम्मींना म्हटलं, "जवळच एक चक्कर मारून येऊ." गतिरोधक आला, गेला. अम्मींनी पुढच्या सीटला धरलेला हात हळूच सोडला.

"गुडघे?" आम्ही विचारलं.

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "गुडघ्यांना काही नव्हतं रे. कमर मोडायची. पण गाडीबद्दल तक्रार केली असती तर तुम्ही ती विकली असती. तुमच्या अब्बांची गाडी आहे."

दोन वर्षं बहिणीचं तोंड पाहिलं नाही, ते एवढ्यासाठी. आणि खर्च झाला तो आमच्या एका दिवसाच्या पगाराएवढाही नाही.

त्याच महिन्यात कराड झालं. पाटण सोडलं तोवर अम्मींना मागे झोप लागली होती. खालाजाननी दारातच त्यांचा हात धरला, तो जेवायला बसेपर्यंत सोडला नाही. रुसव्याचा विषय कोणीच काढला नाही.

तुमच्या घरची गाडीही जुनी असेल तर एक करा. चालवणाऱ्याने एकदा किल्ली दुसऱ्याकडे द्यावी आणि स्वतः मागच्या बाकावर बसून गावाबाहेरपर्यंत जाऊन यावं. आपली वडीलधारी माणसं तिथेच बसतात, आणि विचारल्याशिवाय बोलत नाहीत.