लाल चिराग

आमच्या घरात पहिली गाडी आली ती जुनीच. मासवणहून बोईसरच्या शाळेत रोज वाहने बदलत जायचा कंटाळा आला, तेव्हा आम्ही साठवलेले पैसे मोडले. गाडीबरोबर एक माहितीपुस्तिका मिळाली होती. ती खणातच पडून राहिली. शाळेत उर्दू शिकवायची, घरी मराठी पेपर वाचायचा; उजवीकडून आणि डावीकडून, दोन्हीकडून वाचणाऱ्यांना गाडी काय वाचायची, असा आमचा तोरा होता.

पावसाळ्यात वळणावर एक लाल दिवा लुकलुकू लागला. तेलाच्या झारीचे चित्र, तोटीतून पडणारा थेंब. मुलांनी त्याला नाव दिले, ‘अल्लाउद्दीनचा चिराग’. वळण संपले की तो विझायचा. पंधरा दिवस आम्ही हसण्यावारी नेले.

एका रात्री अब्बांच्या छातीत दुखू लागले. त्यांना मागे बसवून पालघरची वाट धरली. वाघोबा खिंडीच्या चढावर चिराग पेटला आणि या खेपेस विझेना. अब्बा म्हणाले, “कसला दिवा आहे रे तो?” आम्ही म्हटले, “काही नाही अब्बा, पोहोचलो की बघू.” थोड्याच वेळात इंजिनातून खडखडाट झाला आणि गाडी बंद पडली. बाहेर मुसळधार पाऊस, आत अब्बांचा जड श्वास. रिकामा परतणारा भाजीचा टेम्पो थांबला नसता तर पुढचे लिहायची हिंमत आमच्यात नव्हती. त्या माणसाने पैसेही घेतले नाहीत. अब्बा वेळेत दवाखान्यात पोहोचले. अल्लाहचे शुक्र.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने तेल मोजायची पट्टी बाहेर काढली. कोरडी! तो म्हणाला, “सर, हा दिवा तेल बदलायची आठवण करून देत नाही. तेलाचा दाब गेला, असे सांगतो. दाब गेला की लोखंड लोखंडावर घासते. दिवा पेटला की तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करायचे.” वळणावर लुकलुकायचा, कारण उरलेसुरले तेल एका बाजूला सरायचे.

मग आम्ही ती पुस्तिका काढली. या चित्रांची लिपी आंतरराष्ट्रीय आहे, आयएसओ २५७५ या मानकातली. म्हणून जपानी गाडी असो की जर्मन, खुणा बहुतेक त्याच. लाल म्हणजे थांबा. पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या. हिरवा, निळा नुसती माहिती. लाल बॅटरीचा अर्थ चार्जिंग होत नाही. गाडी साठलेल्या विजेवर थोडा वेळच चालेल. तापमानाचा लाल दिवा लागला तर थांबावे, पण गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. कंसातले उद्‌गारचिन्ह लाल असेल तर आधी हँडब्रेक पाहावा. तो सुटलेला असेल तर ब्रेकचे तेल. इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश मिस्त्रीकडे जावे. लुकलुकत असेल तर दुखणे मोठे.

इंजिनाच्या दुरुस्तीत आमची वर्षभराची बचत गेली. त्याचे दुःख कमी झाले. पण घरी परतल्यावर अब्बांनी जे सांगितले ते अजून टोचते. त्यांनाही आठ दिवसांपासून चढ चढताना छातीत भरून यायचे. “तुम्हाला कशाला त्रास द्यायचा, गॅस असेल म्हटलं.” चिराग दोन होते, आणि आम्ही एकही वाचला नाही.

आता दर जुम्म्याच्या सकाळी, इंजिन थंड असताना, आम्ही पट्टी पुसून तेल पाहतो; दोन खुणांच्या मध्ये हवे. चावी फिरवली की हे दिवे आधी पेटतात, गाडी सुरू झाल्यावर विझतात. मुले मागून मोजतात. एखादा पेटलाच नाही तर तोही मिस्त्रीला दाखवायचा. बिघडलेला दिवा इशारा कसा देणार? मोजणी झाली की अब्बा पुढच्या सीटवर बसतात आणि आम्ही न विचारताच सांगतात, “आज दम लागला नाही.”