‘घरगुती’ या शब्दाची हमी

‘घरगुती’ हे मराठीतील मोठे विश्वासाचे विशेषण आहे. घरगुती मसाला, घरगुती खानावळ, घरगुती उपाय! हा शब्द लागला की वस्तूची परीक्षा झालीच, असे आपण धरून चालतो. परंतु त्वचेला शब्द कळत नाही. तिला पदार्थ कळतो.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर मासळी वाळत घालणाऱ्या स्त्रियांचा दिवस उन्हातच जातो. तेथील माझ्या एका विद्यार्थिनीने रापलेला चेहरा उजळावा म्हणून सकाळी लिंबू चोळले आणि ती कामाला गेली. दोन दिवसांत गालावर फोड आले. फोड बरे झाले, पण काळे डाग कित्येक महिने राहिले. संपर्कसत्रात ती पदराने गाल झाकून बसे. “सर, लिंबू तर घरचंच होतं ना?” या तिच्या प्रश्नाने मला विचारात पाडले.

त्वचेच्या पृष्ठभागाचा सामू साधारण ५, तर लिंबाच्या रसाचा २ च्या आसपास असतो. सामूतील एका अंकाच्या फरकाने आम्लता दहापट बदलते. म्हणजे हा रस त्वचेहून सुमारे हजारपट आम्ल. शिवाय लिंबात, विशेषतः सालीत, फ्युरोकुमारिन नावाची द्रव्ये असतात. त्यांवर उन्हातील अतिनील किरण पडले की त्वचा भाजते.

आपल्या परंपरेला असा धोका अपरिचित नव्हता. बिब्बा घरोघरी औषधाला वापरीत. धोबी त्याने कपड्यांवर खुणा करीत. त्याचा चीक लागून फोड आले, की ‘बिब्बा उतला’ असे म्हणत. जुळत आलेले काम बिघडविणे म्हणजे ‘बिब्बा घालणे’. औषधाबरोबर त्याचे भय सांगणारा शब्दही पुढील पिढीच्या हाती येत असे. आज तोंडोतोंडी फिरणाऱ्या लेपांच्या कृतींत प्रमाण असते, सावधगिरी नसते.

‘उद्वर्तन’ या संस्कृत शब्दापासून आलेले आपले उटणे टाकून द्यावे, असे मी म्हणत नाही. मात्र कोणताही नवा लेप आधी कोपराच्या आतील बाजूस लावून दोन-तीन दिवस वाट पाहावी. उन्हामुळे होणारी इजा या चाचणीत कळत नाही. म्हणून लिंबू चेहऱ्यावर लावूच नये. आग झाल्यास भरपूर पाण्याने धुवावे आणि फोड आल्यास दुसरा घरगुती उपाय न शोधता त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे.

‘घरगुती’ या शब्दाने वस्तू कोठून आली, एवढेच कळते. ती अंगाला मानवेल की नाही, हे निराळे विचारावे लागते.