मधुचंद्राचा हिशेब

राज्य शासनाच्या कोषालयात 36 वर्षे काढलेल्या माणसाला लोक सल्ला विचारतात तो दोनच बाबतींत. एक निवृत्तिवेतनाचे कागद आणि दुसरा आयकर. त्यामुळे 2024 च्या जानेवारीत आमच्या चिरंजीवांनी न्यू जर्सीहून फोन करून, "बाबा, आम्हांला हनिमूनसाठी कॅरिबियनमधला एखादा रिसॉर्ट निवडून द्या," असे म्हटले, तेव्हा आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. आमच्या पिढीत 'मधुचंद्र' हा शब्द वडिलांच्या देखत उच्चारण्याचीही प्राज्ञा नव्हती. इथे तर मुलगा त्याची व्यवस्थाच वडिलांवर सोपवीत होता.

लग्न डिसेंबरात इंदुरातच झाले होते. चार पिढ्यांपूर्वी होळकरशाहीत कारकून म्हणून आलेल्या घराण्याला शोभेल असे, साग्रसंगीत. रजा संपली तशी मुले परतली. चिरंजीवांच्या डोक्यावर अजून शिक्षणाचे कर्ज आहे, सूनबाईंना व्हिसाच्या नियमामुळे तिथे नोकरी करता येत नाही. खर्चाची मर्यादा त्यांनी स्वतःच घालून घेतली होती : विमानभाड्यासह दोघांचे मिळून दोन हजार डॉलर. "तुम्ही हिशेबाचे पक्के, बाबा. आणि खरे सांगू का, फोटोंत सगळे किनारे सारखेच दिसतात," चिरंजीव म्हणाले. त्या शेवटच्या वाक्याने आमच्यातला अधिकारी जागा झाला. सारख्या दिसणाऱ्या निविदांमधला फरक शोधण्यातच आमची हयात गेली होती.

कॅरिबियनशी आमची तोवरची ओळख क्रिकेटपुरती. 1971 साली आम्ही तेरा वर्षांचे होतो. वाडेकरांच्या संघाने पोर्ट ऑफ स्पेनला विजय मिळवला, गावसकरांनी चार कसोटींत 774 धावा केल्या, आणि मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी किंग्स्टनला 212 धावा काढून संघाला सावरले, हे सारे आम्ही राजवाड्यासमोर उभे राहून दुसऱ्याच्या हातातल्या वर्तमानपत्रात वाचले होते. ती गावे वेगवेगळ्या देशांत आहेत आणि त्यांच्यामध्ये शेकडो मैलांचा समुद्र आहे, हे मात्र आता, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, नकाशा पुढे घेतल्यावर ध्यानात आले.

आम्ही एक तक्ता आखला. बारा स्तंभ, चौदा जागा. पहिली चाळणी प्रवेशाची. पोर्तो रिको 1898 पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे आणि व्हर्जिन बेटांपैकी काही तिने 1917 साली डेन्मार्ककडून विकत घेतली, म्हणून तिथे जाताना अमेरिकेबाहेर पडल्यासारखे होत नाही. ज्यांच्या पारपत्रावरचा व्हिसा संपत आलेला असतो त्यांना हा मोठा दिलासा. आमच्या मुलांचे शिक्के ताजे होते, तेव्हा डोमिनिकन रिपब्लिकमधले पुंता काना, मेक्सिकोचे कानकून आणि जमैका याही वाटा मोकळ्या होत्या. बार्बाडोस आणि सेंट लुसिया विमानभाड्यातच गारद झाले.

दुसरी चाळणी दरांची, आणि इथे आमचा अनुभव कामी आला. जाहिरातीतला दर बहुधा माणशी असतो, खोलीचा नव्हे, तोही दोघांनी एक खोली घेतली तरच. त्यावर कर, त्यावर कधी 'रिसॉर्ट फी', त्यावर विमानतळापासूनचे वाहन आणि शेवटी बक्षिसी. 'सी व्ह्यू' आणि 'सी फ्रंट' यांत जमीनअस्मानाचे अंतर असते. पहिल्यात सज्जातून मान वाकडी केली की समुद्राची एक चिंधी दिसते, एवढेच. काही ठिकाणी नवदांपत्याला फुले आणि पेयाची बाटली भेट मिळते, पण त्यासाठी विवाहाच्या दाखल्याची प्रत लागते. हे वाचून आम्हांला अगदी घरी आल्यासारखे वाटले.

'ऑल इन्क्लुझिव्ह' या प्रकाराने मात्र आम्हांला चार दिवस झुलवले. एकदाच रक्कम भरावी आणि खोली, जेवण, पेये, खेळ सगळे त्यात. ही कल्पना 1950 साली क्लब मेड या संस्थेने भूमध्य समुद्रातल्या मायोर्का बेटावर तंबू ठोकून रुजवली. कॅरिबियनमध्ये ती फोफावली ती पुढे, 1981 साली जमैकातल्या माँटेगो बे इथे केवळ जोडप्यांसाठी सँडल्स हे हॉटेल निघाल्यावर. खाण्यापिण्याची ददात नसलेल्यांना हा सौदा लाभाचा आहे यात शंका नाही. पण आमची सूनबाई शाकाहारी, आणि चिरंजीवांची मजल लिंबाच्या सरबतापुढे जात नाही. म्हणजे इतरांच्या मद्याचे आणि कोळंबीचे पैसे यांनी भरायचे. आमच्या खात्यात अशा खर्चावर लाल शाईचा आक्षेप आला असता.

तरीही एक सौदा असा हाती लागला की आम्ही आक्षेप विसरलो. पुंता कानाचे एक मोठे रिसॉर्ट, पाच रात्री, सर्वसमावेशक, हिवाळ्यातल्या दराच्या जवळजवळ निम्म्याने. मुलांना रजा मिळणार होती ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात किंवा सप्टेंबरात, आणि हा दर सप्टेंबरचा होता. दोन हजारांतून पावणेतीनशे डॉलर उरत होते. आम्ही तक्त्यातल्या त्या ओळीखाली दुहेरी रेघ ओढली आणि मोठ्या ऐटीत तो कागद स्वयंपाकघरात नेला.

सौ. मेथी निवडत होती. तिने कागद हातात घेतला नाही. नुसते विचारले, "एवढे स्वस्त का आहे?"

"ऋतू नसतो तेव्हा दर उतरतात," आम्ही म्हणालो.

"म्हणजे तेव्हा तिथे पाऊस असतो का?"

आम्ही सांगितले की जून ते नोव्हेंबर हा तिथला चक्रीवादळांचा काळ धरतात, पण वादळ काही प्रत्येक बेटावर दर वर्षी येत नाही, आणि जोखीम पत्करली तरच सवलत मिळते. सौ.ने मेथीची जुडी बाजूला ठेवली. मग तिने दुसरा प्रश्न विचारला. "आणि तिथून सूर्य मावळताना दिसतो का?"

आमच्या बारा स्तंभांत हा स्तंभ नव्हता. आम्ही तसे म्हणालोही, बहुधा किंचित हसून. तेव्हा ती म्हणाली, "अहो, धूपगडावरून मला सूर्यास्त बघायचा होता. चारही दिवस मी तयार होऊन बसत होते."

वाचकहो, इथे थोडे मागे जाणे भाग आहे. आमचे लग्न 1985 च्या मे महिन्यातले. आधी जेजुरीला जाऊन आलो. तिथे चिरेबंदी पायऱ्यांवर वधूला उचलून घेण्याचा कुळाचार आम्ही पाच पायऱ्यांवर आटोपला. त्यानंतर पचमढीला जायचे ठरले होते. पण मे-जूनमध्ये तिथले दर चढे असतात आणि पावसाळ्यात एक लॉज निम्म्या दराने खोली देते, असे आम्हांला कळले. म्हणून आम्ही बेत ऑगस्टवर ढकलला. रेल्वेने पिपरिया, तिथून घाटातली बस. चार दिवस पाऊस असा लागला की समोरचे झाडही दिसेना. धूपगड हे सातपुड्याचे सर्वांत उंच शिखर, 1352 मीटर. तिथला सूर्यास्त बघायला लोक दुरून येतात. आम्ही तिथवर पोहोचलोच नाही. रोज दुपारी चारच्या सुमारास सौ. जांभळी साडी नेसून व्हरांड्यात खुर्ची टाकून बसे. तिला पाऊस आवडतो, अशी आमची समजूत झाली होती. ती पुढे एकोणचाळीस वर्षे टिकली.

त्या रात्री आम्ही कपाटातून 1985 ची डायरी काढली. आमच्या डायऱ्या सगळ्या जपलेल्या आहेत. ऑगस्टच्या पानावर आमच्याच अक्षरात लिहिले होते : 'पचमढी प्रवास. एकूण खर्च रु. 311.40. बचत रु. 72.' एवढेच. त्या चार दिवसांची दुसरी कोणतीही नोंद आमच्याजवळ नव्हती. त्या 72 रुपयांचे काय केले हेही आठवेना. आणि सौ.ने इतकी वर्षे ही गोष्ट बोलून का दाखवली नाही, हे विचारण्याचे धैर्य आम्हांला त्या रात्री झाले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तक्ता नव्याने मांडला. पहिला स्तंभ ऋतूचा, दुसरा किनाऱ्याच्या दिशेचा, दर अगदी शेवटी. पाहतो तर काय, सौ.चा भाबडा वाटलेला प्रश्न आमच्या सर्व आकडेमोडीहून शहाणा निघाला. पुंता काना आणि कानकून यांचे किनारे पूर्वेकडे तोंड करून आहेत. तिथे समुद्रातून सूर्य उगवतो, मावळत नाही. या भागात वारेही बाराही महिने बहुतांशी पूर्वेकडूनच वाहतात. त्यामुळे बेटाच्या पूर्वेला लाटा अधिक आणि पश्चिमेला, वाऱ्याच्या आडोशाला, पाणी शांत असते. शिवाय 2011 पासून सारगॅसम नावाचे तपकिरी समुद्री शेवाळ वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत अटलांटिकमधून प्रचंड प्रमाणात वाहत येते. किनाऱ्यावर साचून कुजले की त्याला सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी सुटते. त्याचा मारा मुख्यतः पूर्वेच्या किनाऱ्यांवर होतो. मे महिन्यात जाणाऱ्याने पश्चिम किनारा धरावा, हा धडा आम्हांला शेवाळाने दिला, पण वाट दाखवली ती सौ.ने.

काळाचेही तसेच. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत तिकडे गर्दीचा हंगाम आणि चढे दर. वादळांचा ऐन जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, आणि त्याचे टोक बरोबर सप्टेंबरच्या दहा तारखेच्या आसपास. म्हणजे आम्ही आमच्या एकुलत्या एका सुनेला नेमके त्याच आठवड्यात पाठवायला निघालो होतो! एप्रिल उलटल्यावर मात्र दर उतरलेले असतात आणि वादळांचा काळ सुरू व्हायचा असतो. ती फट लहान आहे, पण बेताच्या पैशांत जाणाऱ्यांसाठी तीच खरी.

अशा रीतीने जमैकाच्या पश्चिम टोकावरचे नेग्रिल ठरले. मोठे रिसॉर्ट नव्हे. वाळूला लागून असलेले, एका कुटुंबाने चालवलेले वीस-बावीस खोल्यांचे छोटे हॉटेल, फक्त सकाळच्या न्याहारीसह. न्यूअर्कहून माँटेगो बे सुमारे चार तास, तिथून मोटारीने दीड-दोन तास. हिशेब दोन हजारांच्या वर एकशे चाळीस डॉलर गेला. ते आम्ही इथून पाठवले. चिरंजीव नको नको म्हणत होते, पण आम्ही ऐकले नाही.

मुले 8 मे 2024 रोजी तिथे पोहोचली. जेवणाची आम्हांला धास्ती होती, पण रास्ताफारी पंथाच्या लोकांचे 'आयटल' नावाचे जेवण मिळते आणि त्यात बहुधा मांस नसते, हे सूनबाईंनी शोधून काढले. नारळाच्या दुधातला राजमा-भात तर तिथे घरोघरी. हॉटेलच्या मालकीणबाईंनी त्यांना सांगितले की 10 मे हा तिथे भारतीयांच्या आगमनाचा दिवस. 1845 साली त्याच तारखेला करारबद्ध मजुरांचे पहिले जहाज जमैकाला लागले होते. 1917 पर्यंत असे 36 हजारांहून अधिक लोक उसाच्या मळ्यांवर आले, बहुतेक गंगेकाठच्या जिल्ह्यांतले. मालकीणबाईंची पणजी त्यांतलीच. सूनबाईंना जेवायला वाढताना त्यांनी पैसे घेतले नाहीत म्हणे.

आणि 9 मेच्या पहाटे, पाचच्या सुमारास, आमचा फोन वाजला. इकडे अजून फटफटले नव्हते. "आईंना उठवा, बाबा, लवकर," सूनबाई म्हणत होत्या. फोनच्या चौकोनात समुद्र होता आणि त्यावर टेकलेला सूर्य. सौ. पलंगावर उठून बसली, चष्मा लावला, आणि शेवटची कड बुडेपर्यंत एक शब्द बोलली नाही. नंतर सुनेला एवढेच म्हणाली, "बरे झाले मेमध्ये गेलात."

पुढची हकीगत थोडी आहे, पण ती सांगितल्याविना हिशेब पुरा होत नाही. त्याच वर्षी जुलैच्या आरंभी बेरिल हे वादळ जमैकाला चाटून गेले. आणि 28 ऑक्टोबर 2025 रोजी मेलिसा हे पाचव्या श्रेणीचे चक्रीवादळ थेट जमैकाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आदळले. बारा दिवस त्या मालकीणबाईंचा पत्ता नव्हता. मग निरोप आला : माणसे सुखरूप, छप्पर गेले. मुलांनी त्यांना जमतील तेवढे पैसे धाडले. आम्ही ज्या सवलतीच्या दराला भुललो होतो तो कशाच्या जोखमीवर उभा असतो, हे आम्हांला तेव्हा कळले. पाहुणा आठवडाभर जोखीम घेतो, यजमानाला ती जन्मभर पुरते.

त्याच नोव्हेंबरात आम्ही उभयता पचमढीला गेलो. हंगामात, पूर्ण दराने. आता गुडघे चालत नाहीत, तेव्हा धूपगडावर जिप्सीने चढलो. गर्दी पुष्कळ होती. सौ.ने कठड्याजवळ जागा धरली. जांभळी साडी केव्हाच विरून गेली होती. अंगावर राखाडी शाल होती. सूर्य डोंगरांच्या रांगेमागे उतरला तेव्हा आम्ही धीर करून विचारले, "इतकी वर्षे बोलली का नाहीस?"

ती म्हणाली, "तुम्ही त्या 72 रुपयांवर इतके खूश होतात!" आणि शाल आवरून जिप्सीकडे चालू लागली.