टेबलाखालचा राउटर

२००० सालच्या आसपास नगरमध्ये सावेडीला, चितळे रोडला नेट कॅफे निघाले, तेव्हा भांडवल काय, तर फोनची एक लाइन आणि ५६ केबीपीएसचा मोडेम. त्यावर आठ-दहा गिऱ्हाइकं बसवायची. कंपनीचा राउटर घ्यायची ऐपत कुणाची? मग कुणी जाणकार पोरगा भंगारात निघालेला ४८६ संगणक टेबलाखाली सरकवायचा आणि त्यात फ्रीस्कोची फ्लॉपी घालायचा.

लिनक्सवर बेतलेला हा राउटर फुकट होता आणि १.४४ एमबीच्या फ्लॉपीत मावायचा. हार्ड डिस्क नको, एकदा सेटिंग झालं की मॉनिटरही नको. फ्लॉपी खरखरायची, सगळं रॅममध्ये चढायचं आणि ते डबडं कामाला लागायचं. बाहेरून मिळालेल्या एकाच आयपी पत्त्यावर सगळी मशिनं चालवायची आणि कुणी मागवलेलं पान कुणाकडे धाडायचं, याचा हिशेब ठेवायचा. लोडशेडिंगमध्ये लाईट अचानक गेली तरी डिस्क बिघडायची भीती नाही. मुळात डिस्कच नाही! फक्त धुळीनं फ्लॉपी दगा द्यायची. म्हणून तिची नक्कल गल्ल्यात, नोटांच्या खाली.

२००३ मध्ये मोनोवॉल हे असंच फुकट राउटर-सॉफ्टवेअर आलं, पुढच्या वर्षी त्यातूनच पीएफसेन्स निघालं. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करणं जवळपास संपलं, बहुतेक सगळं सेटिंग ब्राउझरमधून होऊ लागलं. २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन आलं, २५६ केबीपीएसचं. मग तयार राउटर स्वस्त झाले आणि टेबलाखालची जागा रिकामी झाली.

आता फायबरवाला येतो, भिंतीला पांढरा खोका ठोकतो आणि जातो. अशा कितीतरी खोक्यांत आजही लिनक्सच असतं, एका आयपीवर सगळी मशिनं चालवायची युक्तीही तीच. वेग मात्र शेकडो पटींनी वाढलाय. त्या रडतखडत चालणाऱ्या नेटसाठी कुणी गळा काढू नये. पण तेव्हा कुठली साइट अडवायची, कुठलं मशीन आधी सोडायचं, हे कॅफेवाला ठरवायचा. आज बऱ्याच घरांत खोक्याचा मुख्य पासवर्डही कंपनीकडेच असतो.

स्वतः ठरवायची ती सोय अजून गेलेली नाही. ४८६ आता चालणार नाही, पीएफसेन्स आणि त्याच जातीच्या ओपीएनसेन्सला ६४-बिटचा प्रोसेसर लागतो. पण ऑफिसातून निघालेला जुना आय-थ्री भंगारवाल्याला किलोवर देण्याआधी त्यात आणखी दोन लॅनकार्डं बसवून यांपैकी एक घालून बघा. एक लाइन बंद पडली की दुसरीवर आपोआप जाणारा राउटर तयार होतो, आणि पासवर्ड आपल्याकडेच राहतो.