समासात शिरलेली ज्ञानेश्वरी

वारकरी संतांवरचा माझा प्रबंध इंग्रजीत आहे. त्यात पानोपानी मराठी शब्द येतात आणि ते रोमन लिपीत लिहावे लागतात. दीर्घ स्वरावर आडवी रेघ, 'ण'साठी 'एन'खाली टिंब, 'श'साठी 'एस'वर तिरकी रेघ. या खुणा गाळल्या तर 'कला' आणि 'काला' हे दोन्ही शब्द रोमनमध्ये हुबेहूब सारखे दिसतात. काल्याच्या कीर्तनाबद्दल लिहायचं आणि वाचणाऱ्यानं ते कलेबद्दल समजायचं, हे मला चालणार नव्हतं.

पदार्थविज्ञान विभागातल्या मैत्रिणीनं लाटेक हे मजकूर मांडायचं सॉफ्टवेअर वापरायला सांगितलं. "तळटिपा, संदर्भसूची, सगळं आपोआप लागतं गं. एकदा शिकलीस की सुटलीस." तळटिपा खरंच सुरेख लागल्या. पण पहिलं प्रकरण छापून पाहिलं आणि कळेना काय झालंय. डावीकडून सरळ, उजवीकडून सरळ असा मजकूर, आणि मधूनच एखादी ओळ उजव्या समासात घुसलेली. कुठे 'ज्ञानेश्वरी', कुठे 'तुकाराम', कुठे 'विठोबा'. 'कॉन्स्टिट्यूशनल'सारखे लांबलचक इंग्रजी शब्द हायफन घेऊन शहाण्यासारखे पुढच्या ओळीवर जात होते. फक्त माझे मराठी शब्द अडून बसले होते.

सॉफ्टवेअर दरवेळी एक नोंदवही लिहितं. तिच्यात ओळीमागून ओळ एकच तक्रार: 'ओव्हरफुल एच-बॉक्स', आणि पुढे किती पॉइंट बाहेर गेलंय त्याचा आकडा. पॉइंट म्हणजे इंचाचा साधारण बहात्तरावा भाग, त्यामुळे बारा पॉइंट बाहेर म्हणजे डोळ्यांत खुपण्याइतकं बाहेर. कच्च्या प्रतीची सोय चालू केली की अशा प्रत्येक ओळीच्या टोकाला काळा ठोकळा उमटतो. माझी पानं ठोकळ्यांनी भरून गेली.

शब्द कुठे तुटू शकतो ते विचारायची एक आज्ञा आहे. तिला 'तुकाराम' दिला. शब्द जसाच्या तसा परत आला, एकही हायफन नाही. मग खुणा काढून दिला, तर तो तुटला! म्हणजे भांडण माझ्या शब्दाशी नव्हतं, त्या दोन आडव्या रेघांशी होतं. रेघेचा आणि ओळ मोडण्याचा काय संबंध? या प्रश्नानं मला खूप छळलं.

संबंध आहे, आणि तो फार खोल आहे. लाटेक ज्याच्यावर उभं आहे त्या टेकचं काम डोनल्ड क्नूथ यांनी स्टॅनफर्डमध्ये 1977 साली सुरू केलं, तेव्हा त्यांच्या फाँटमध्ये जागा होत्या 128. त्यात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि काही सुट्या खुणा. रेघेचा 'ए' असं वेगळं अक्षर नव्हतंच. आपण बॅकस्लॅश, बरोबरचं चिन्ह आणि महिरपी कंसात 'ए' असं टाइप करतो, तेव्हा टेक रेघेचा एक खिळा उचलतं, सरकवून 'ए'च्या डोक्यावर ठेवतं आणि पुन्हा जागेवर येतं. डोळ्यांना एकच अक्षर दिसतं. पण शब्द तोडायच्या वेळी टेक अक्षरांची सलग माळ शोधतं, आणि ही सरकवासरकव आली की माळ तिथेच संपली असं धरतं. वर नियम असा की सुरुवातीला किमान दोन आणि शेवटी किमान तीन अक्षरं सलग राहिलीच पाहिजेत. 'तुकाराम'मध्ये पहिल्या रेघेआधी उरतात टी, यू, के. तीन अक्षरांत काय तुटणार?

हे समजलं तेव्हा मला तोडण्याच्या नियमांबद्दलच कुतूहल वाटू लागलं. फ्रँक लियांग यांनी 1983 च्या आपल्या स्टॅनफर्डच्या प्रबंधात ते मांडले. शब्दकोश साठवायचा नाही, अक्षरांचे छोटे तुकडे साठवायचे आणि अक्षरांच्या मधे आकडे ठेवायचे. विषम आकडा म्हणजे तोडा, सम म्हणजे तोडू नका, आणि दोघांत वाद झाला तर मोठा आकडा जिंकतो. त्यांचंच उदाहरण घेते, 'हायफनेशन' हा इंग्रजी शब्द. त्यातल्या 'एन' आणि 'ए'च्या मधे एक तुकडा 2 म्हणतो, दुसरा 5. पाच मोठा आणि विषम, म्हणून तिथे तोड. पुढच्याच 'ए' आणि 'टी'च्या मधे एक म्हणतो 1, दुसरा 4. इथे तोड नाही. अमेरिकन इंग्रजीसाठी असे 4447 तुकडे, आणि अपवादांची यादी फक्त चौदा शब्दांची! ती यादी मी एखाद्या अभंगासारखी पुन्हा पुन्हा वाचली. त्यात 'प्रेझेंट' आणि 'प्रोजेक्ट' आहेत, कारण नाम असताना ते एका जागी तुटतात आणि क्रियापद असताना दुसऱ्या. म्हणून ते तोडायचेच नाहीत असं ठरवून टाकलं.

खुणांचं दुखणं युरोपातल्या लोकांनाही होतंच. त्यांच्या आग्रहामुळे क्नूथ यांनी 1989 साली टेक 256 अक्षरांसाठी मोकळं केलं, आणि पुढच्या वर्षी आयर्लंडमधल्या कॉर्क इथल्या संमेलनात त्या 256 जागांचा आराखडा ठरला. तो 'टी-वन' म्हणून ओळखला जातो. फाइलच्या सुरुवातीला एक ओळ लिहिली की तो लागू होतो. मी ती लिहिली. गी द्ल्यूरी यांनी केलेल्या तुकारामांच्या अभंगांच्या फ्रेंच अनुवादाचा माझ्या प्रबंधात उल्लेख आहे, त्याच्या नावात यात्रेकरूसाठी जो शब्द आहे त्यात खुणेचा 'ई' येतो. तो शब्द फ्रेंच नियमांनी व्यवस्थित तुटला. आणि त्याच ओळीतले तुकाराम अजून समासात!

याचं मला मनापासून वाईट वाटलं. त्या 256 जागांत स्पॅनिशचा 'एन्ये' आहे, पोलिशचा तिरक्या रेघेचा 'एस' आहे, म्हणून 'ज्ञानेश्वरी'तली दोन अक्षरं फुकटात मिळाली. पण आडव्या रेघेचे 'ए' आणि 'आय' नाहीत, टिंबाचा 'एन' नाही. ती अक्षरं अजून खिळ्यावर खिळा ठेवूनच उभी राहतात.

वाट सापडली ती झीटेकमध्ये. जोनाथन क्यू यांनी 2004 साली ते आणलं. ते युनिकोड थेट वाचतं, त्यामुळे 256 ची अटच उरत नाही. फाँट तेवढा ही अक्षरं असलेला हवा, मी जेंटियम घेतला. आता रेघेचा 'ए' हे सबंध एक अक्षर झालं आणि माळ अखंड राहिली. मात्र ही माळ तोडणारे नियम इंग्रजीचे, आणि त्यांना मराठी शब्दाची ठेवण कशी कळावी? मराठीचे नियम उपलब्ध आहेत, पण ते देवनागरीसाठी. रोमन लिपीतल्या शब्दांसाठी इव्ह कोडे यांनी केलेले संस्कृतचे नियम आहेत, खुणांसकट. प्रत्येक मराठी शब्दाला 'हा संस्कृत समज' अशी खूण केली, आणि पुढच्या छपाईत 'तुकाराम' 'तुका'नंतर हायफन घेऊन खालच्या ओळीवर उतरले. मी मैत्रिणीला तिथल्या तिथे फोन केला.

तरी संस्कृतच्या नियमांना मराठीत उच्चारताना गळणारा 'अ' माहीत नाही. 'वारकरी' मला 'वार'नंतरच तुटायला हवा. असे शब्द मी हाताने अपवादांच्या यादीत घालते आहे. "खुणा काढून टाका, परीक्षकांना चालतं," असं मला एका ज्येष्ठांनी सुचवलं होतं. मी नाही काढल्या. यादी वाढते आहे, ती नीट झाली की रोमनमध्ये मराठी लिहिणाऱ्या इतर अभ्यासकांना द्यायची असं ठरवलं आहे. सध्या 'पंढरपूर' कुठे तोडावं यावर माझा आणि मैत्रिणीचा वाद चालू आहे. ती 'पंढर'नंतर म्हणते, मी 'पं'नंतरही मुभा द्यावी म्हणते, कारण अरुंद रकान्यात ती लागतेच.