गुरांची वाट

धान्याच्या आडतीत चाळीस वर्षे काढलेल्या त्या गृहस्थांना पत्त्यांखेरीज दुसरा खेळ येत नसे, आणि चातुर्मासात पत्तेही बंद असत. त्यामुळे अकरावीत शिकणाऱ्या नातीने एका रविवारी दुपारी दिवाणखान्यात भलामोठा पट मांडला, तेव्हा आजोबांनी आधी चष्मा पुसला आणि मग विचारले, "यात पैसे लावायचे असतात का?" नसतात असे कळल्यावर ते बसले.

खेळाचे नाव 'ग्रेट वेस्टर्न ट्रेल'. ऑस्ट्रियाच्या अलेक्झांडर फिस्टर यांनी तो रचला आणि २०१६ साली तो बाजारात आला. ज्यांना एवढी दुपार मोकळी मिळत नाही त्यांच्यासाठी २०२४ मध्ये 'एल पासो' नावाची आटोपशीर आवृत्तीही निघाली. नातीजवळ मात्र मूळचा, दुपार गिळणारा खेळ होता. एकोणिसाव्या शतकातील अमेरिका. टेक्सासमधून गुरांचा तांडा हाकत कॅन्सस सिटीच्या रेल्वेस्थानकापर्यंत न्यायचा आणि तेथून आगगाडीने दूरच्या शहरांत पाठवायचा. वाटेत पूर, दुष्काळ, दरडी. गुराखी नेमले तर चांगली गुरे स्वस्त मिळतात, कारागीर नेमले तर वाटेवर आपली ठाणी उभी राहतात, इंजिनिअर नेमले तर आपले इंजिन रुळावर पुढे सरकते.

नियम आजोबांच्या लवकर ध्यानात आले, किंबहुना नातीपेक्षाही लवकर. स्थानकावर हातातल्या कार्डांची किंमत होते, पण एका जातीच्या दोन गाई असल्या तरी मोल एकीचेच. तेव्हा वाटेतील ठाण्यांवर दुबार कार्डे काढून टाकायची आणि हात निवडक करीत जायचे. एकाच वाणाची चार पोती मांडून दुकान सजत नाही, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. ज्या शहरापर्यंत आपले इंजिन पोहोचलेले नाही, तेथे माल पाठवला तर वाहतूक अंगावर पडते. आणि जवळच्या कॅन्सस सिटीलाच गुरे उतरवली तर शेवटी गुण कापले जातात. "बरोबर आहे," ते म्हणाले, "जागच्या जागी माल विकणाऱ्याला वटावच बसायचा."

दुसऱ्या फेरीत त्यांनी एक कार्ड उचलून डोळ्यांजवळ नेले. जर्सी गाय, मोल एक. सर्वांत हलकी. गर्न्सी दोन, होल्स्टीन आणि आयर्शायर तीन, आणि टेक्सासची लांब शिंगांची लाँगहॉर्न पाच.

"जर्सीला एकच? मग दूध कुठे धरले आहे?"

"आजोबा, यात दूध नाहीच."

ते काही बोलले नाहीत. दुभत्या जातींची एवढी नावे आणि दूध मात्र हिशेबात नाही, म्हणजे मोल कशाचे लावले जात आहे, हे समजायला व्यापाऱ्याला वेळ लागत नाही.

त्या रात्री त्यांनी नातीकडून खेळामागचा इतिहास वाचून घेतला. यादवी युद्ध संपले तेव्हा टेक्सासात गुरे उदंड होती आणि गिऱ्हाईक नव्हते. तेथे चार डॉलरला मिळणारे जनावर उत्तरेत चाळीस डॉलरला जाई, असे सांगितले जाते. या तफावतीवर जोसेफ मकॉय नावाच्या इलिनॉयच्या तरुण व्यापाऱ्याची नजर गेली. १८६७ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्याने कॅन्ससमधील ॲबिलीन या मूठभर झोपड्यांच्या गावी रेल्वेलगत कोंडवाडे बांधले, व्यापाऱ्यांसाठी उतारगृह उभारले आणि टेक्सासभर निरोप धाडले. त्याच सप्टेंबरात गुरांनी भरलेली पहिली गाडी शिकागोकडे सुटली. ज्या वाटेने हे कळप आले ती चिझम ट्रेल. गंमत अशी की जेसी चिझम हा गुरे हाकणारा नव्हेच; तो गाडीवाटेने माल नेणारा व्यापारी होता. कळप दिवसाला दहा-पंधरा मैल चाले. त्याहून घाई केली तर जनावर वाळते, वजन घटते, भाव पडतो. पुढे मकॉयचे देणे रेल्वे कंपनीने नाकारले आणि त्याला कोर्टाची पायरी चढावी लागली, हे ऐकून आजोबा किंचित हसले. करारावर सही घेतली होती का, एवढेच त्यांनी विचारले.

"आणि शिकागोला काय होते?" आजींनी आतून विचारले.

तेथे १८६५ च्या नाताळात 'युनियन स्टॉक यार्ड्स' उघडली होती. नातीने तेवढेच वाचले आणि पान मिटले. खेळाच्या पटावर गाडी शहरात पोहोचते, खेळाडू तेथे आपली खूण ठेवतो, पैसे मिळतात आणि हिशेब तेथेच थांबतो. गुरांची कार्डे खेळाडूच्या गठ्ठ्यात परत येतात, जणू काही झालेच नाही. ज्या दायित्वाची नोंद ताळेबंदात नाही, ते ताळेबंद वाचणाऱ्याला दिसत नाही. बँकेत ही गोष्ट पहिल्याच वर्षी शिकवतात.

"यशोधर राजाने बळी दिलेला कोंबडाही पिठाचाच होता," आजी म्हणाल्या.

"अगं आजी, हा पुठ्ठा आहे!"

आजोबांना पंधरा कर्मादाने पाठ होती. चवथे भाटककर्म, भाड्याने ओझी वाहण्याचे. नववे केशवाणिज्य, ज्यात जिवंत प्राण्यांची खरेदी-विक्री येते. श्रावकाने टाळायचे हे दोन्ही धंदे एकाच पटावर मांडलेले पाहून त्यांना नवल वाटले. पण त्यांना झोप आली नाही ती त्यामुळे नव्हे. दुकानात धान्याबरोबर सरकी ढेपही असे आणि एक गुरांचा व्यापारी दर पंधरवड्याला वीस पोती नेत असे, रोखीने. तो गुरे कोठे पाठवतो हे गावाला ठाऊक होते. खतावणीत फक्त 'ढेप, पोती वीस' एवढेच उतरत असे, आणि तेवढेच उतरत राहिले. अकरा वर्षे. ते खाते त्यांनी स्वतः कधी बंद केले नव्हते. तो व्यापारीच पुढे दुसऱ्या पेठेत गेला.

पुढच्या रविवारी नातीने भीत भीतच विचारले. आजोबा आले आणि आपल्या नेहमीच्या जागी बसले. त्या दिवशी त्यांनी एकही नवी गाय घेतली नाही. कारागीर नेमले, ठाणी बांधली, इंजिन पुढे नेले. खेळात तेही चालते, गुणही बरे मिळतात. पण वाटेवर मागे फिरता येत नाही. दर खेपेस निदान एक घर तरी पुढे टाकावेच लागते आणि प्रत्येक वाट शेवटी स्थानकाशीच पोहोचते.

नात तिसऱ्या खेपेला निघाली तेव्हा आजोबांची पहिलीच चालू होती.

"आजोबा, तीन घरे जाता येते. तुम्ही मुद्दाम हळू चालताय."

"घाई केली तर जनावर वाळते," ते म्हणाले, आणि त्यांनी आपली सोंगटी एक घर पुढे सरकवली.